चिनी कर्जाची गोम करारात असते

प्रश्न असा आहे: "चीन छोट्या देशांना मुद्दाम कर्जात बुडवतो आणि मग त्यांची बंदरं ताब्यात घेतो, हे कितपत खरं? श्रीलंकेत नेमकं काय झालं? आणि हे खरं असेल तर बाकीचे देश पुन्हा त्याच दारात का जातात?"

श्रीलंकेतल्या हंबनटोटा बंदराची गोष्ट जशी सांगितली जाते तशी घडलेली नाही, हे आधी सांगून टाकतो. पण त्यावरून "म्हणजे चीनवर उगाच आळ घेतला" असं कुणी म्हणालं तर तेही मला मान्य नाही. वीसेक वर्षं मी प्रकल्पकर्जांचे करार वाचतोय, कधी देणाऱ्याच्या बाजूनं, कधी घेणाऱ्याच्या. माझ्या अनुभवात चिनी कर्जाचा फास बंदरात किंवा रस्त्यात नसतो. तो करारातल्या चार-पाच कलमांत असतो आणि आवळला जातो तो देश अडचणीत आल्यावर, जेव्हा सगळं काही बीजिंगच्या एका सहीवर येऊन अडतं.

हंबनटोटा जरा सविस्तर पाहू, कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच चित्र असतं. दक्षिण किनाऱ्यावर बंदर बांधायची कल्पना चीनची नव्हती. ती श्रीलंकेत अनेक वर्षं घोळत होती. एका कॅनेडियन कंपनीनं आणि नंतर एका डॅनिश कंपनीनं तिचे व्यवहार्यता अहवालही केले होते. महिंदा राजपक्षे राष्ट्राध्यक्ष झाले आणि हंबनटोटा हा त्यांचा स्वतःचा जिल्हा. २००७ साली चीनच्या एक्झिम बँकेनं, म्हणजे तिथल्या सरकारी निर्यात-आयात बँकेनं, पहिल्या टप्प्यासाठी सुमारे ३० कोटी ७० लाख डॉलर दिले, मुदत १५ वर्षं, व्याज ६.३ टक्के. हे व्याज आज डोळ्यांत खुपतं. पण त्या वेळी लायबॉरच, म्हणजे लंडनच्या बँका एकमेकींना कर्ज देताना लावत तो आधारदर, पाचाच्या वर होता. श्रीलंकेपुढे बदलता दर घ्या किंवा स्थिर घ्या असे दोन्ही पर्याय होते आणि त्यांनी स्थिर उचलला. पुढच्याच वर्षी जगात मंदी आली, लायबॉर कोसळला आणि हे मात्र ६.३ वर अडकून बसले. यात कट वगैरे काही नाही, अंदाज चुकला.

खरी चूक पुढची. १८ नोव्हेंबर २०१० रोजी, राजपक्ष्यांच्या वाढदिवशी, बंदराचं उद्घाटन उरकलं. तेव्हा बंदराच्या तोंडाशी असलेला खडक काढायचा बाकी होता, त्यामुळे मोठी जहाजं आत येऊच शकत नव्हती. २०१२ मध्ये वर्षभरात तिथं जेमतेम ३४ जहाजं लागली. पहिला टप्पा कमवायला लागण्याची वाट न पाहता त्याच वर्षी दुसऱ्या टप्प्यासाठी आणखी ७५ कोटी डॉलरच्या वर कर्ज उचललं. जवळच मत्तलाला विमानतळ झाला, त्यालाही चिनी कर्ज आणि राजपक्ष्यांचंच नाव.

२०१७ साली हे बंदर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चायना मर्चंट्स पोर्ट या कंपनीकडे गेलं. मोबदला सुमारे १.१२ अब्ज डॉलर. "कर्ज फेडता आलं नाही म्हणून बंदर दिलं" ही कहाणी इथून सुरू होते. पण हे पैसे एक्झिम बँकेच्या कर्जात वळते झालेच नाहीत. ते परकीय गंगाजळीत गेले आणि बंदराचं कर्ज सरकारच्या खात्यावर जसंच्या तसं राहिलं. सरकारला तेव्हा डॉलर हवे होते, कारण समोर रोख्यांची परतफेड उभी होती. लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात विकलेले हे रोखे २०२२ पर्यंत साडेबारा अब्ज डॉलरच्या घरात गेले होते, तर चीनचा वाटा एकूण परकीय कर्जाच्या साधारण एक पंचमांश होता. रोख्याचं मुद्दल मुदत संपली की एकाच दिवशी परत करायचं असतं. १८ जानेवारी २०२२ ला, गंगाजळी तळाला गेलेली असताना, श्रीलंकेनं असे ५० कोटी डॉलर रोखेधारकांना मोजले आणि तीन महिन्यांत, एप्रिलमध्ये, परकीय कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं. तेव्हा दिवाळखोरीचं खापर एकट्या चीनवर फोडणं हिशेबाला धरून नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. चिनी कर्ज जन्माला कसं येतं ते पाहिलं तर बरंच उलगडतं. जागतिक बँकेकडे आधी प्रकल्प ठरतो, मग कर्ज, मग खुली निविदा आणि शेवटी कंत्राटदार. इथं बहुधा क्रम उलटा. चिनी सरकारी बांधकाम कंपनीचा माणूस आधीपासून त्या देशाच्या राजधानीत तळ ठोकून असतो. तो मंत्र्याला भेटतो, आराखडा दाखवतो, अहवाल स्वतःच करून देतो आणि कंत्राटावर सही घेतो. ते कंत्राट जोडून मग कर्जाचा अर्ज एक्झिम बँकेकडे जातो आणि सायनोशुअर ही सरकारी विमा कंपनी जोखमीवर विमा उतरवते. विम्याचा हप्ता अर्थातच कर्जदाराच्या माथी.

आणि पैसा? तो त्या देशात फारसा येतच नाही. कामाचा टप्पा झाला की कर्जदार सरकार उचल मागणारं पत्र बँकेला पाठवतं आणि बँक चीनमधल्या चीनमध्ये कंत्राटदाराच्या खात्यात रक्कम जमा करते. अर्थमंत्रालयात एक नोंद होते: कर्ज इतक्यानं वाढलं. एका छोट्या देशाच्या अर्थमंत्रालयात मी असा करार वाचायला बसलो होतो. तिथल्या अधिकाऱ्यानं मला प्रत काढू दिली नाही, समोर बसून पेन्सिलीनं टिपणं काढायला सांगितलं. सहा वर्षं तो त्या कर्जाचे हप्ते भरत होता, पण त्यातला एक डॉलरही त्यानं आपल्या बँकेत आलेला पाहिला नव्हता.

"पण व्याज तर दोनच टक्के!" हे वाक्य मी मंत्र्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलंय. त्यांना एक हिशेब दाखवतो. समजा, कर्ज १०० कोटी डॉलर, व्याज २ टक्के, मुदत २० वर्षं. पहिली ५ वर्षं फक्त व्याज, पुढं १५ वर्षं मुद्दलाचे समान हप्ते. आता तेच काम खुल्या निविदेत ८० कोटींत झालं असतं असं धरा. म्हणजे पदरात पडलेली वस्तू ८० कोटींची आणि फेड १०० कोटींची. सगळे हप्ते मांडून खरा व्याजदर काढा, तो ४ टक्क्यांच्या किंचित वर येतो. विमा, व्यवस्थापन शुल्क आणि न उचललेल्या रकमेवरचं शुल्क धरलं की आणखी चढतो. सवलत व्याजात दिसते, वसुली कंत्राटाच्या किमतीत होते. त्यामुळे अशा कर्जात मी आधी कंत्राटाचा किमतीचा तक्ता मागतो आणि व्याजदर शेवटी पाहतो.

आता कलमं. २०२१ मध्ये संशोधकांच्या एका गटानं २४ कर्जदार देशांचे १०० चिनी करार मिळवून वाचले. २०१४ नंतरच्या प्रत्येक करारात गुप्ततेचं कलम होतं. जवळपास तीन चतुर्थांश करारांत हे कर्ज पॅरिस क्लबसारख्या सावकार देशांच्या गटानं एकत्र ठरवलेल्या कर्जाच्या फेररचनेत धरायचं नाही, अशी अट होती. चायना डेव्हलपमेंट बँकेच्या करारांत तर त्या देशानं चीनशी राजनैतिक संबंध तोडले की तो कर्जबुडवा ठरेल, असं चक्क लिहिलेलं. हे कलम तैवानला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं आहे, हे सांगायला नको. सॉलोमन बेटं २०१९ मध्ये आणि होंडुरास २०२३ मध्ये तैवानशी राजनैतिक संबंध तोडून बीजिंगकडे गेले. ती वाट परतीची नाही, याची तजवीज अशा कलमांनी होते.

मला सगळ्यांत जास्त काळजी एस्क्रो खात्याची वाटते, म्हणजे कर्जदाराचा महसूल आधी ज्या राखीव खात्यात जमा होतो त्याची. इक्वाडोरचं उदाहरण घ्या. तिथल्या सरकारी तेल कंपनीनं पेट्रोचायनाला तेल विकायचं. पेट्रोचायनानं त्याचे पैसे चायना डेव्हलपमेंट बँकेतल्या खात्यात भरायचे. त्या खात्यातून बँक आपला हप्ता परस्पर वळता करून घेऊ शकते आणि उरलेलं इक्वाडोरचं. अंगोलात २००४ पासून एक्झिम बँकेचं कर्ज असंच तेलावर बेतलेलं होतं. बंदर जप्त करायची गरजच काय, महसूल तिजोरीत पोचायच्या आधीच आपल्या खात्यातून जातोय म्हटल्यावर? संकट आलं की बाकीचे सावकार रांगेत उभे असतात, हा मात्र दाराच्या आत. इक्वाडोरच्या कोका कोडो सिंक्लेअर जलविद्युत प्रकल्पाला १.७ अब्ज डॉलरचं कर्ज होतं, ६.९ टक्क्यांनी. २०१६ मध्ये तो सुरू झाला आणि यंत्रसामग्रीत हजारो तडे सापडले. कंत्राटदाराशी भांडण वर्षानुवर्षं चाललं, पण हप्त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. कंत्राट वेगळं, कर्ज वेगळं, असं करारच सांगतो.

माँटेनेग्रोची गोष्ट छोटी आहे, पण बोलकी आहे. सव्वासहा लाख लोकवस्तीचा देश. २०१४ मध्ये त्यांनी महामार्गाच्या पहिल्या ४१ किलोमीटरसाठी एक्झिम बँकेकडून ९४ कोटी ४० लाख डॉलर घेतले. वाद झाला तर लवाद बीजिंगमध्ये आणि देशाची सार्वभौम प्रतिरक्षा, म्हणजे परक्या न्यायालयांपासून सरकारला असलेलं कायदेशीर संरक्षण, बहुतांश सोडून दिलेली. शिवाय देशात चलन युरो आणि कर्ज डॉलरमध्ये. डिसेंबर २०२० मध्ये नवं सरकार आलं. २०२१ मध्ये त्यांनी आरडाओरडा केला, युरोपीय संघाकडे गेले, नकार मिळाला. शेवटी पाश्चिमात्य बँकांशी चलन आणि व्याजाची अदलाबदल करून २ टक्क्यांचा भार ०.८८ वर आणला. कर्ज चीनचंच राहिलं, टोचणारा काटा तेवढा काढला. अशी कामं वर्तमानपत्रांत मथळा होत नाहीत, पण अर्थमंत्रालयात खरं काम हेच असतं.

आता ती सही. श्रीलंकेचा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी प्राथमिक करार झाला १ सप्टेंबर २०२२ ला. पैसे सुटायला मोठ्या सावकारांनी "आम्ही कर्जात सूट देऊ" अशी लेखी हमी देणं गरजेचं होतं. भारतानं जानेवारी २०२३ मध्ये दिली. चीनच्या एक्झिम बँकेनं त्याच महिन्यात दिलं ते दोन वर्षं हप्ते पुढे ढकलण्याचं पत्र. नाणेनिधीला ते पुरेसं नव्हतं. मार्चमध्ये हवं तसं पत्र आलं आणि २० मार्चला जवळपास तीन अब्ज डॉलरच्या कार्यक्रमाला मंजुरी मिळाली. सहा महिन्यांच्या वर हा काळ. ज्या देशात पेट्रोल कोट्यावर मिळत होतं तिथं सहा महिने म्हणजे काय, ते तिथल्या लोकांना विचारा.

याच सुमाराची आणखी एक बाब. चीननं २०२१ मध्ये श्रीलंकेला १० अब्ज युआनची स्वॅप सोय, म्हणजे दोन मध्यवर्ती बँकांत चलनाची अदलाबदल करायची सोय, दिली होती, साधारण दीड अब्ज डॉलरची. ताळेबंदात ती गंगाजळी म्हणून मिरवत होती. पण अट अशी, की तीन महिन्यांची आयात भागेल एवढी गंगाजळी हातात असेल तरच ती वापरता येईल. म्हणजे छत्री आहे, पण ऊन असेल तेव्हाच उघडायची. हे बाहेर आलं ते देश बुडाल्यावर.

झांबियाचं तर आणखी लांबलं. नोव्हेंबर २०२० मध्ये चार कोटी पंचवीस लाख डॉलरचा एक व्याजाचा हप्ता चुकला. त्याआधी रोखेधारकांकडे मुदत मागितली होती. ते म्हणाले, आम्ही सवलत द्यायची आणि ते पैसे चिनी बँकांकडे जायचे असं होणार नाही याची खात्री काय? करार दाखवा. करार दाखवता येईना, कारण गुप्तता. सरकारी सावकारांशी ६.३ अब्ज डॉलरचा समझोता व्हायला जून २०२३ उजाडलं आणि त्यातले सुमारे ४.१ अब्ज एकट्या चीनच्या एक्झिम बँकेचे. रोखेधारकांशी निपटारा २०२४ मध्ये. चीन मुद्दल कापायला नाखूश असतो. मुदत वाढवेल, व्याज उतरवेल, पण "इतकं माफ केलं" असं कागदावर यायला नको. एकाला माफ केलं तर उद्या चाळीस दारात येतील, हा सावकाराचा साधा हिशेब आहे आणि तो मला कळतो.

लाओसमध्ये त्याहून शांतपणे चाललंय. चिनी सीमेवरच्या बोटेनपासून राजधानी विएंतियानपर्यंतची रेल्वे डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, खर्च सुमारे सहा अब्ज डॉलर. गाडी छान चालते, लोक वापरतात, हेही सांगायला हवं. लाओसचा भागभांडवलात वाटा ३० टक्के, पण तो भरायलाही एक्झिम बँकेकडूनच ४८ कोटी डॉलर उसने घेतलेले. हप्ते जड जाऊ लागले तेव्हा चीननं ते पुढे ढकलले, फारसा गाजावाजा नाही. आणि वीज वाहून नेणाऱ्या राष्ट्रीय कंपनीत चायना सदर्न पॉवर ग्रिडला बहुसंख्य हिस्सा मिळाला, २५ वर्षं ती चालवण्याच्या करारासह. मालमत्ता हातची जाणं कशाला म्हणायचं, ते शिकायचं असेल तर हंबनटोटापेक्षा लाओसची वीजवाहिनी पाहा. त्याची बातमी होत नाही, कारण विजेच्या खांबांचं छायाचित्र बंदरासारखं दिसत नाही.

मग देश जातात का? कारण बाकीची दारं बंद असतात किंवा फार सावकाश उघडतात. जागतिक बँकेचं पर्यावरण आणि पुनर्वसनाचं मूल्यांकन वर्षानुवर्षं चालतं, निवडणूक मात्र पाच वर्षांनी येते. चिनी कंपनी तीन-चार वर्षांत फीत कापायला देते. केनियात मोंबासा-नैरोबी रेल्वे मे २०१७ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक होती. सगळ्यांत मोठा फायदा हा, की खरं कर्ज किती हे विरोधकांना कळत नाही. गुप्ततेचं कलम फक्त चीनला हवं असतं, हा गैरसमज आहे. ते सही करणाऱ्या मंत्र्यालाही तितकंच हवं असतं.

घासाघीस करता येते, हे मात्र लोक विसरतात. म्यानमारनं क्याउकप्यू बंदराचा ७ अब्ज डॉलरच्या वरचा प्रस्ताव नोव्हेंबर २०१८ मध्ये १.३ अब्जांच्या पहिल्या टप्प्यावर आणला. मलेशियानं पूर्व किनारा रेल्वेची किंमत एप्रिल २०१९ मध्ये साडेपासष्ट अब्ज रिंगिटवरून ४४ अब्जांवर उतरवली. एवढी उतरू शकते म्हटल्यावर आधीचा आकडा किती फुगवलेला असेल, विचार करा. सिएरा लिओननं तर विमानतळच रद्द केला. माझं आवडतं उदाहरण बांगलादेशचं. पद्मा पुलाचं बांधकाम चिनी कंपनीनं केलं, पण पैसा बांगलादेशनं स्वतःच्या तिजोरीतून घातला. जागतिक बँक २०१२ मध्ये मागे हटली होती. २०२२ मध्ये पूल खुला झाला. चिनी कंपन्या बांधकामात खरंच तरबेज आहेत. त्यांचं काम घ्या आणि त्यांच्या बँकेचं कर्ज घेऊ नका, असं जमणाऱ्या देशानं जरूर करावं. जमतं थोड्यांना. त्याच पुलाच्या रेल्वेजोडणीला बांगलादेशनंही चिनी कर्ज घेतलंच.

आजची स्थिती वेगळी आहे. नवी मोठी कर्जं २०१६ च्या आसपास शिखरावर होती, नंतर ओसरली. आता बहुतेक देशांची सवलतीची मुदत संपली आहे आणि वसुलीचे दिवस आहेत. २००८ ते २०२१ या काळात चीननं २२ देशांना तारण्यासाठी सुमारे २४० अब्ज डॉलर पुरवले, बरेचसे जुनी चिनी कर्जंच फेडता यावीत म्हणून. केनियानं २०२५ मध्ये रेल्वेची डॉलरमधली कर्जं युआनमध्ये फिरवून घेतली, वर्षाला साडेएकवीस कोटी डॉलर वाचतील असं सरकार सांगतं. व्याज उतरलं हे खरंच. पण केनिया चीनकडून आणतो खूप आणि चीनला विकतो फार थोडं. चहा, कॉफी आणि फुलांचे पैसे येतात ते मुख्यतः डॉलर आणि युरोत. ते विकून युआन घ्यायचे आणि मग हप्ता भरायचा.